खिशातला गायगर काऊंटर: घ्यावा का नको?

किरणोत्सर्ग मोजणारा हा डबा ऑनलाईन मागवलेला, ब्रँड साधाच. घरात आकडा हलेना, आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड तसा शांतच, पण शिरोळकडं मेव्हण्याच्या गोडाऊनला पोटॅशच्या पोत्याला चिकटवला आणि टिकटिक लगेच वाढली. पोटॅशियममध्ये थोडं पोटॅशियम-४० हे किरणोत्सर्गी रूप असतंयच, घाबरायचं काय नाही, म्हणजे मशीन खोटं नाही एवढं कळलं.

पण जाहिरातीत 'अन्न सुरक्षित आहे का तपासा' लिहिलंय ते लय झालं भावा. पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेनं १९४६ ते १९५८ मध्ये २३ अणुचाचण्या केल्या, नंतर साफसफाई करून लोकं परत आणली आणि १९७८ मध्ये परत हलवावी लागली, कारण स्फोटांमुळं मातीत उरलेलं किरणोत्सर्गी सीझियम-१३७ नारळात उतरत होतं आणि ते खाऊन अंगात. तसलं अन्नातलं मोजायला लॅब लागते, हा डबा नव्हं. मजा म्हणजे त्यावर उपाय पण पोटॅशच निघाला, खत टाकलं की झाड सीझियम कमी ओढतंय, ऊसवाल्यांनी डोस्क्यात ठेवावं असलं! तिकडंच एनेवेताक या चाचण्या झालेल्या दुसऱ्या बेटांवर तर १९७७ ते १९८० मध्ये दूषित माती खरवडून रुनित बेटावरच्या स्फोटाच्या खड्ड्यात घातली, वर काँक्रीटचा घुमट. त्यातलं प्लुटोनियम अल्फा कण सोडतंय, ते या मशीनच्या प्लास्टिकच्या डब्यातनं आत जातच नाहीत.

शाळेच्या प्रयोगाला बेस्ट. बॅटरी पण चांगली टिकते, फक्त आवाज बंद करायचं बटण लय खोल मेनूत घातलंय. साडेतीन स्टार.