बाल्कांवात बसून वाचावी अशी खूनकथा

अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ ही १९३० सालची कादंबरी मी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आणली आणि पावसाळी दोन दुपारींत वाचून संपवली. गावाच्या नावडीचा कर्नल प्रोदेरो धर्मगुरूच्या अभ्यासिकेत मारला जातो. या माणसाला संपवणारा जगावर उपकारच करील, असे काही काळापूर्वी जेवताना बोलून बसलेला तो धर्मगुरूच कथा सांगतो, आणि तिथूनच विनोद सुरू होतो. वेळेवर पोहोचता यावे म्हणून त्याने घड्याळ पाव तास पुढे ठेवलेले असते. हे सांगण्याचा तो परोपरीने प्रयत्न करतो, पण उतावळा इन्स्पेक्टर स्लॅक त्याला तोंडच उघडू देत नाही. बागकाम आणि पक्षिनिरीक्षण यांच्या आडून शेजाऱ्यापाजाऱ्यांवर नजर ठेवणारी मिस मार्पल मला मुळीच परकी वाटली नाही, कारण पाव घेऊन येणारा पोदेर दारात येण्याआधीच वाड्यावरची बातमी बाल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीतून, जाणणाऱ्या वयस्क बायका आपल्याकडेही आहेत. पात्रांची गर्दी मात्र फार आहे. मधल्या प्रकरणांत मला नावे कागदावर टिपून ठेवावी लागली.