वारली पेंडंट घेताना: छापील किती, हाताचं किती

प्रदर्शनांत आणि ऑनलाइन 'हँडपेंटेड वारली ज्वेलरी' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. एक, कागदावर छापून वर रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) ओतलेली. दुसरी, ॲक्रिलिकवर थेट यूव्ही प्रिंट केलेली, म्हणजे अतिनील प्रकाशात लगेच सुकणाऱ्या शाईने छापलेली. तिसरी, डिजिटल पार्श्वभूमी छापून वरच्या आकृत्या हाताने रंगवलेली. फोटोत तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्यक्ष घेताना दहापट भिंग लावून बघा. छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात. ब्रशची रेघ सलग असते, आणि जिथे ब्रश उचलला तिथे रंग किंचित जाड असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मापात. ए४ कागद २१ सेंमी रुंद. त्यावरचं चित्र जसंच्या तसं ३ सेंमीच्या पेंडंटमध्ये बसवलं की ते सात पट लहान होतं आणि १ मिमीची रेघ जेमतेम ०.१४ मिमी उरते. गेरूच्या रंगात सोडलेली इतकी बारीक पांढरी जागा शाई पसरून बुजते. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर होणाऱ्या वारली नाचाच्या वेटोळ्यात सगळ्यांचे हात गुंफलेले असतात. आधी ते हातच गायब होतात आणि उरतात सुटे त्रिकोण. मग तो नाच राहत नाही, नक्षी होते. चांगला डिझायनर चित्र नुसतं लहान करत नाही. तो तीसऐवजी सातआठ नर्तक घेतो, रेघ ०.४ मिमीच्या आसपास ठेवतो आणि वेटोळं नव्याने मांडतो. (सावंतवाडीच्या गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचं काम इथे सोपं होतं, कारण ती चित्रं मुळातच छोट्या गोल पत्त्यासाठी काढलेली असतात.)

रेझिनखालचा कागद आम्हाला पटत नाही. छापलेला कागद दोन्ही बाजूंनी आणि कडेने नीट सील केला नसेल तर रेझिन आत झिरपतं आणि तेलाचे डाग पडल्यासारखे काळपट पट्टे उमटतात. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उन्हात फिकी पडते, पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची) बरीच टिकते. विक्रेत्याला हे सरळ विचारावं. पावसाळ्यात ओतलेल्या रेझिनवर दमटपणामुळे धुरकट, चिकट थर येतो. रेझिन आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण चुकलं असेल तर पृष्ठभाग कायमचा मऊ राहतो. नखाने दाबून खूण उमटली तर घेऊ नका.

यूव्ही प्रिंट जास्त टिकाऊ, पण खाली पांढऱ्या शाईचा थर हवा. तो नसला की पारदर्शक ॲक्रिलिकवर गेरू मळकट दिसतो.

आमची पसंती तिसऱ्या प्रकाराला. मातीच्या भिंतीचा पोत स्कॅन करून छापला, तर तो प्रत्येक नगावर सारखा येतो आणि माणसं, झाडं, चौक (वारलीतली चौकोनी नक्षी) हाताने काढल्याने प्रत्येक नग वेगळा होतो. वारलीचा जीवच त्या रेघेत आहे, ती यंत्रावर सोडू नये. फक्त हा रंग गुळगुळीत रेझिनवर काढलेला नसावा. तसा रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून रंग द्यावा आणि वर वॉर्निशचे दोन पातळ हात मारावेत.

कानातल्यांत वजनाकडे आधी बघा. ४ सेंमी व्यासाची, ३ मिमी जाड ॲक्रिलिकची चकती साधारण साडेचार ग्रॅम भरते. त्याच व्यासाची १ मिमी पितळेची चकती दहा ग्रॅमच्या वर जाते आणि दिवसभर घातली तर कानाची पाळी ओढली जाते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सर्वांत हलकं, पण कडा सील नसतील तर घामाने फुगतं. निकेलची ॲलर्जी असेल तर हूक ९२५ चांदीचे किंवा टायटॅनियमचे मागा.

मागचं हूक निघालं तर ॲक्रिलिकला फेविक्विकसारखा झटपट गोंद लावू नका. त्याच्या वाफेने पांढरट डाग पडतो. दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा आणि २४ तास हात लावू नका.