‘४५ दिवसांचं पिल्लू’ म्हणून आमच्या गळ्यात मारलेलं चार आठवड्यांचं पिल्लू

‘लॅब्राडॉर, ४५ दिवस पूर्ण, पहिली लस झालेली’ अशी जाहिरात पाहून आम्ही पिल्लू घेतलं. ते जेमतेम चार आठवड्यांचं निघालं.

विकणारा बोलायला गोड. “आई फार्मवर आहे ताई, लांब पडेल, मीच पिल्लू आणून देतो,” म्हणाला. हायवेलगतच्या पेट्रोल पंपावर त्याने सफरचंदाच्या खोक्यातून पिल्लू काढून हातात दिलं, सोबत लसीचं कार्ड दिलं, पैसे ऑनलाइन घेतले आणि निघून गेला. पिल्लू, म्हणजे आमचा बंडू, सारखा झोपतोय, मागचे पाय लटपटतायत, याचं कारण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं: “प्रवासाने दमलाय, उद्या बघा कसा पळतो.”

घरी वाटीतलं काहीच त्याला चाटता येईना. बोट पुढे केलं की चोखायला लागायचा. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून आम्हालाही दाखवलं. पुढच्या दातांची नुसती टोकं वर आलेली, सुळे हिरडीतून जेमतेम डोकावत होते आणि मागे दाढांचा पत्ताच नव्हता. पिल्लाचे पुढचे दात आणि सुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, दाढा पाचव्या-सहाव्यात, आणि आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात दिसतात. त्यामुळे ४५ दिवसांची थाप तिथेच उघडी पडली.

मग कार्ड पाहिलं. त्यावर लसीचं स्टिकर होतं, सही होती, पण डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. कार्डावरची तारीख खरी धरली तर लस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिली असं होतं. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती तेव्हा इतकी जास्त असते की लस लागूच पडत नाही, म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात. आमच्या बंडूला पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार, झाला. रक्ताची हगवण, उलट्या, सलाईन. तो वाचला, हे डॉक्टरांचे उपकार.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, “डॉक्टर तुम्हाला घाबरवतोय. परत आणा, दुसरं देतो.” जिवंत जीव बदलून द्यायला तो काय चपलेचा जोड आहे? पैसे मागितल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला.

ही माणसं असं का करतात, हे डॉक्टरांनीच सांगितलं. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं खायला लागतात. मग खाणं, साफसफाई, जंताचं औषध, लस, सगळा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येतो, म्हणून त्याआधीच माल खपवायचा. नुकसान मात्र आयुष्यभराचं. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आई-भावंडांशी खेळतानाच शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो, आई दटावते. बंडूला ते मिळालंच नाही. मोठा झाला तरी खेळता खेळता रक्त काढतो आणि एकटा राहिला की घर डोक्यावर घेतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. खरोखर ४५ दिवसांचं पिल्लू विकणंसुद्धा नियमात बसत नाही. श्वान प्रजनन आणि विक्रीबाबतच्या केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे 56 दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. बाजारात मात्र ‘४५ दिवस’ हे इतकं रुळलंय की लोकांना तेच योग्य वय वाटतं.

तेव्हा पिल्लू आईपाशी, तिच्या अंगाला लागलेलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. आई दाखवायला टाळाटाळ झाली की व्यवहार तिथेच मोडा. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. कार्डावरच्या डॉक्टरांना पैसे देण्याआधी फोन करा. आणि कुणी फसवलंच, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, पैसे पाठवल्याची पावती आणि आपल्या डॉक्टरांनी वयाबद्दल दिलेलं लेखी मत जपून ठेवा. आम्ही एवढं सगळं जोडून पोलिसांकडे आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे तक्रार दिली आहे.