पुश ट्रॉलीचं छोटं मॉडेल: रूप हुबेहूब, गेज मात्र चुकलं

माझे वडील मनमाडला रेल्वेत पीडब्ल्यूआय (पर्मनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे रुळांची देखभाल पाहणारे निरीक्षक) होते. रूळ तपासायला ते पुश ट्रॉलीवरून जात. चार ट्रॉलीमनपैकी दोघं रुळांवरून पळत ढकलायचे, वेग आला की उडी मारून मागे बसायचे. गाडी यायची वेळ झाली की चौघं मिळून ट्रॉली उचलून बाजूला ठेवत. त्या ट्रॉलीचं मॉडेल मी कित्येक वर्षं शोधत होते. बाजारात इंजिनं हवी तेवढी मिळतात, डबेही मिळतात, पण रूळ सांभाळणाऱ्यांची वाहनं मला कुठे सापडत नव्हती.

शेवटी एका घरगुती कारागिराकडून १:८७ मापाचा (खऱ्याच्या ८७ पट लहान) थ्रीडी प्रिंट संच मागवला. बाकाची वेताची वीण भिंगातून बघितली, तर एकेक पट्टी वेगळी दिसते. ब्रेकचा दांडा, छत्रीची खोबण, लाल झेंडीची काठी, सगळं जागच्या जागी. बाकाची लाकडी चौकट बघून तर डोळे भरून आले.

पण चाकं १६.५ मिमी गेजची आहेत (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे या मापात साधारण १९.३ मिमी हवं. तयार रूळ १६.५चेच मिळतात म्हणून तसं केलं असणार, हे समजतं. तरी ट्रॉली अरुंद दिसते, आणि ज्याने खरी पाहिलीय त्याला ते लगेच खुपतं. विक्रेत्याने वर्णनात हे लिहायलाच हवं होतं. शिवाय एक चाक तुटलेलं निघालं. ते मात्र आठवड्यात बदलून मिळालं.

कपाटात मांडायला जरूर घ्या. रुळांवर चालवायची असेल तर आधी गेज विचारा. मी आता १९.३चे आस स्वतःच कापून बसवतेय.