लेटरपॅडवरचा फायदा : 2,39,000

माझं नाशकात हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर वायर, पाइप, स्विच आणि आकडेमोड. त्यामुळे नातेवाइकांत मी हिशेबी माणूस म्हणून प्रसिद्ध. 2023च्या जूनमध्ये ताईने भाच्याच्या पुढच्या शिक्षणाचं माझ्यावर सोपवलं. "तूच बघ रे, तुला बाहेरचं कळतं." मी बघितलं, आणि ताई-दाजींना 85,000 रुपयांना खड्ड्यात घातलं. कुणाचं तरी पोर वाचेल म्हणून लिहितोय. मला त्यात काही अभिमान नाही.

भाच्याला दहावीला 62 टक्के. आयटीआयच्या ऑनलाइन अर्जात त्याने इलेक्ट्रिशियन वर टाकला होता, नंबर लागला तो तालुक्याच्या सरकारी आयटीआयला वेल्डरचा. ताई म्हणाली, "वेल्डिंगने डोळे जातात, मी नाही पाठवणार." त्याच आठवड्यात रिक्षाच्या पाठीवर जाहिरात दिसली : एसी-फ्रिज टेक्निशियन, सहा महिने, 100 टक्के नोकरी, भारत सरकार मान्य.

आम्ही तिघं गेलो. दुसऱ्या मजल्यावर चकचकीत ऑफिस, एसी गारेगार. (तो एसी तिथल्या कोणी बसवला नसणार, हे नंतर कळलं.) समुपदेशक मॅडमनी कुठलाही आग्रह केला नाही. उलट म्हणाल्या, "सर, तुम्ही व्यापारी माणूस. आयटीआय चांगलंच आहे. आपण फक्त हिशेब करून बघू." आणि लेटरपॅड ओढून लिहायला लागल्या. आयटीआयला एसी-रेफ्रिजरेशनचा ट्रेड दोन वर्षांचा, म्हणजे 24 महिने. इथे 6. वाचले 18 महिने. त्या 18 महिन्यांत मुलगा महिना 18,000 कमावणार, म्हणजे 3,24,000. त्यातून 85,000 फी वजा जाता 2,39,000 फायदा. त्या आकड्याभोवती त्यांनी दोनदा गोल काढला. "फुकटचं शिक्षण महाग पडतं ते असं."

गुणाकार, वजाबाकी सगळं बरोबर होतं. मी मनातल्या मनात पडताळूनही पाहिलं. फक्त 18,000 कुठून आले, ते विचारलं नाही. दुकानात ट्रक उतरवताना मी प्रत्येक गठ्ठ्याचं बिल मागतो. इथे पगाराच्या आकड्याला एक चिठ्ठी मागितली नाही. ज्या मुलांना तो पगार मिळतो त्यातल्या दोघांचे फोन नंबर मागितले असते, तरी काम भागलं असतं.

भिंतीवरच्या फ्रेमांबद्दलही सांगायला हवं, कारण त्या सगळीकडे असतात. एक आयएसओ 9001चं प्रमाणपत्र. ते संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, कोर्सला मान्यता देणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. दुसरी ट्रस्ट नोंदणी. ट्रस्ट नोंदला म्हणून त्याने वाटलेला कागद सरकारी होत नाही. तिसरी, मधोमध, सिंहमुद्रेची : उद्यम नोंदणी. ती छोट्या धंद्याची नुसती नोंद, कुठल्याही धंदेवाल्याला घरबसल्या फुकट करता येते. आणि खरी लाज इथे आहे : तस्सं प्रमाणपत्र माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर लटकलंय. तरी मी मान डोलावली.

दहा हजार रोख नोंदणी. उरलेल्या 75,000चं 'बिनव्याजी हप्त्यांवर' जमवतो म्हणाले. दाजींच्या मोबाइलवर ओटीपी आला, त्यांनी सांगितला, दोन ठिकाणी अंगठा-सही. दाजींना वाटलं, क्लासची फी महिन्याला भरायची. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. कंपनीने पैसे क्लासला दिले आणि दाजींच्या खात्यातून 6,250चे बारा हप्ते बांधले. म्हणजे क्लासवाल्यांचे पैसे पहिला तास व्हायच्या आत वसूल. त्यांनी पुढे शिकवावं असं कारणच उरलं नव्हतं. भाच्याचा शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही त्यांनी 'पडताळणीसाठी' ठेवून घेतला.

शिकवणं कसं होतं, ते मला दिवाळीच्या आधी माझ्याच दुकानात कळलं. आमच्याकडे एक एसी मिस्त्री कॉपर पाइप न्यायला येतात, वीस-बावीस वर्षांचा हात. भाचा बसला होता. मी कौतुकाने सांगितलं, पोरगं तुमच्याच लाइनीत येतंय. त्यांनी पिशवीतून पाव इंची पाइपचा तुकडा, कटर आणि फ्लेअरिंग टूल काढून त्याच्यापुढे ठेवलं. "मार फ्लेअर." त्याने पाइप कापला, टूलमध्ये अडकवला, दांडा फिरवला, तोंड छान कर्ण्यासारखं उघडलं. मिस्त्रींनी पाइप हातात घेतला आणि विचारलं, "नट कुठाय?" फ्लेअर मारायच्या आधी पाइपात नट ओवावा लागतो, नंतर तो जात नाही. नट टेबलावरच होता. भाचा खाली बघत म्हणाला, "मामा, तिथं आम्ही हे व्हिडिओत बघितलंय." चाळीस मुलांत एक व्हॅक्यूम पंप, भिंतीवर इनडोअर युनिट, बाहेर आउटडोअर युनिटच नाही. ब्रेझिंगची, म्हणजे पाइप तापवून जोडायची, ज्योत त्याच्या हातात एकदाही आली नव्हती. आणि आजचे बरेच एसी आर-32 गॅसवर चालतात, तो गॅस पेट घेऊ शकतो. मिस्त्री जाताना मला एवढंच म्हणाले, "शेठ, याला कुठं चढवू नका अजून."

पाचव्या महिन्यात नोकरी मिळाली, ती पुण्यात एका ठेकेदाराकडे, दिवसाला 350, हजेरीवर. काम म्हणजे आउटडोअर युनिट खांद्यावर घेऊन जिने चढायचे. आठ दिवसांनी परत आला, तर क्लासला कुलूप. करारात बघितलं तर '100 टक्के नोकरी' कुठेच नव्हती, 'नोकरीसाठी सहाय्य' होतं. फायनान्स कंपनी म्हणाली, आमचा करार तुमच्याशी आहे, क्लासशी तुमचं तुम्ही बघा. हप्ता चुकवला तर दंड आणि सिबिल खराब. दाजींना दरवर्षी पीककर्ज लागतं, त्यामुळे बंद पडलेल्या क्लासचे हप्ते ते निमूट भरत राहिले. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. ग्राहक हेल्पलाइनला, 1915ला, तक्रार केली. क्लासकडून उत्तर आलं नाही.

मग मॅडमच्याच पद्धतीने मी परत हिशेब मांडला. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा. घेतला असता तर 2024मध्ये पोरगं देशभर चालणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलं असतं. फी म्हणाल तर सरकारी आयटीआयची वर्षाची फी आमच्या त्या दहा हजारांच्या नोंदणीतही बसली असती. पुढे एखाद्या कारखान्यात अप्रेंटिसशिप. 2019च्या नियमांत आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराला महिना किमान 7,000 विद्यावेतन ठरलेलं होतं. 18,000 नाहीत, पण ते कायद्याने मिळतात आणि हातात कसब येतं. इलेक्ट्रिशियन मिळाला असता तर वायरमन परवान्याची वाटही उघडी झाली असती. सहा महिन्यांच्या कागदावर ती उघडत नाही.

खाजगी म्हणजे सगळे चोर, असं मी म्हणत नाही. खाजगी आयटीआयही असतात, राज्याच्या कौशल्य मंडळाशी जोडलेले चांगले छोटे कोर्सही असतात. पण प्रमाणपत्रावर खाली सही कोणत्या मंडळाची येणार, हे आधी विचारा, आणि ते नाव मंडळाच्या वेबसाइटवर स्वतः शोधा. आयटीआयची संलग्नता ट्रेडनिहाय असते. फिटरला आहे म्हणून एसीला असेलच असं नाही. वर्कशॉप बघायला जाल ते तुकडी चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशी नव्हे. मूळ दाखला कोणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

तो दाखला सोडवायला दाजी सात खेपा गेले. शेवटी क्लासच्या मालकाच्या दुसऱ्या ऑफिसचा पत्ता लागला. तिथे 'ना देय'चे 5,000 मागितले. दाजी डबा घेऊन सकाळी जाऊन बसले ते बसलेच. संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या वेळेला दाखला टेबलावर आला, पैसे न देता. आयटीआयच्या 2024च्या प्रवेश फेरीत भाच्याला एसी-रेफ्रिजरेशनच मिळालं, आता दुसरं वर्ष चालू आहे. तुकडीत चोवीस मुलं, आणि पहिल्याच महिन्यात त्याचं बोट ब्रेझिंगला भाजलं. ताईने फोन करून मला झापलं.

त्या दुसऱ्या मजल्यावर आता रुग्णसेवा सहायकाच्या कोर्सचा फलक लागलाय. सहा महिने, 100 टक्के नोकरी. मी खालून बघितलं, फोन नंबर तोच आहे.