कागदासाठीचा स्कोप आणि कुरणासाठीचा स्कोप

१००० यार्डांवरच्या एफ-क्लास (रायफल आधारावर टेकवून होणारी लांब पल्ल्याची स्पर्धा) लक्ष्यावर सगळ्यात आतलं वर्तुळ ५ इंचांचं असतं. ३०० यार्डांवर बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा छोटा प्राणी) रुंदीला जेमतेम ३-४ इंच भरतो. कोनाचा हिशेब केला, तर हा प्राणी त्या वर्तुळाच्या दुपटीहून मोठा दिसतो. तरीही तो पहिल्या गोळीत साधणं पुष्कळदा जास्त अवघड जातं. कागदाचं अंतर आधीच ठाऊक असतं, चाचणीच्या गोळ्या झाडता येतात, आणि मागची गोळी कुठे लागली ते खुणेच्या तबकडीवरून कळतं. कुरणात अंतर दर वेळी वेगळं, वाराही वेगळा, आणि प्राणी बिळात शिरला की संधी संपली.

लांब पल्ल्याची नेमबाजी आणि पिकं-कुरणं पोखरणाऱ्या छोट्या प्राण्यांची कायद्याने मान्य असलेली शिकार, या दोन्हींसाठी एकच स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, शोधणाऱ्याने हा फरक आधी मनात पक्का करावा. पॉवर (चित्र किती पट मोठं दिसतं) किती आणि भिंग किती मोठं, हे प्रश्न नंतरचे.

रेटिकल कुठे बसवलं आहे

मला विचाराल तर निम्मा निर्णय इथेच होतो. फर्स्ट फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या रेषा आणि खुणा, झूमच्या भिंगांच्या पुढे असतं. पॉवर वाढवली की लक्ष्याबरोबर रेषा आणि खुणाही मोठ्या होतात, त्यामुळे २ मिलची (मिल हे कोन मोजायचं माप) खूण ८ पॉवरवरही २ मिलचीच असते आणि २५ वरही. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल झूमच्या मागे, डोळ्याच्या बाजूला असतं. लक्ष्य मोठं होतं, रेषा आहेत तेवढ्याच राहतात, आणि खुणांची मापं एकाच पॉवरवर खरी ठरतात. बहुतेक स्कोपमध्ये ती सगळ्यात वरची पॉवर असते.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. ६-२४ पॉवरचा सेकंड फोकल प्लेनचा स्कोप होता. दुपारी हवा तापून चित्र हलायला लागलं, म्हणून मी पॉवर २४ वरून १२ वर आणली आणि वाऱ्यासाठी सवयीने २ एमओएच्या (हेही कोनाचंच माप) खुणेवर नेम धरला. पॉवर निम्मी झाली की ती खूण ४ एमओएची होते, हे त्या क्षणी ध्यानातच आलं नाही. प्राण्याच्या पलीकडे माती उडाली. मी वारा चुकीचा वाचला असं समजून पुढच्या दोन गोळ्याही तशाच घालवल्या.

कागदावर मारणाऱ्याला हा धोका फारसा नसतो. तो उंचीचा हिशेब टरेट (नेम सरकवणारी स्कोपवरची गोल खुंटी) फिरवून करतो, आणि टरेटच्या क्लिकवर (फिरवताना पडणाऱ्या एकेका टप्प्यावर) पॉवरचा काही परिणाम होत नाही. वाऱ्यासाठी तो बहुधा लक्ष्यावरच्या वर्तुळांचाच आधार घेऊन नेम सरकवतो. त्याला हवी असते बारीक रेष आणि छोटा ठिपका. १/८ एमओएचा ठिपका १००० यार्डांवर जेमतेम सव्वा इंच झाकतो. सेकंड फोकल प्लेन अशा नेमबाजाला चपखल बसतं.

फर्स्ट फोकल प्लेनच्या रेषा वरच्या पॉवरवर फार जाड होतात, ही जुनी तक्रार आता तितकी खरी राहिलेली नाही. चांगल्या रेटिकलची मधली रेष ०.०३ ते ०.०४ मिलची असते, म्हणजे १००० मीटरवर ३ ते ४ सेंटिमीटर. खरी अडचण उलट टोकाला आहे. ५-६ पॉवरवर तेच रेटिकल केसाएवढं बारीक होतं आणि काळपट झुडपाच्या पार्श्वभूमीवर हरवून जातं. पहाटे किंवा तिन्हीसांजेला कुरणात बसणार असाल, तर प्रकाशित रेटिकल असलेलाच घ्या.

पॉवरचा मोह

बेंचरेस्टचे (टेबलावर रायफल टेकवून मारणारे) नेमबाज ३६, ४० किंवा ४५ पॉवरचे स्थिर स्कोप वापरतात, आणि एफ-क्लासमध्ये ५५-६० पर्यंत जाणारे स्कोपही नवलाचे नाहीत. रायफल टेकवलेली असते, लक्ष्य जागचं हलत नाही, आणि अर्ध्या वर्तुळाचा फरक डोळ्याला दिसावा लागतो. तिथे एवढी पॉवर कामाला येते.

कुरणात ती अंगावर येते. पॉवर वाढली की दृश्याचा घेर आकसतो. २७ पॉवरवर १०० मीटर अंतरावरचा साधारण दीड मीटरचाच पट्टा दिसतो. शेजारच्या बिळातून दुसरा प्राणी वर आला तरी कळत नाही, आणि स्कोपमधून डोळा काढून पुन्हा लावेपर्यंत तो गेलेला असतो. त्यात तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर, म्हणजे मिराज, पॉवरसोबत तेवढीच मोठी होते. ३० पॉवरवर प्राण्याची कड पाण्यात पाहिल्यासारखी डुचमळते, तीच १५ वर नीट वाचता येते. मिराज हा वाऱ्याचा उत्तम साक्षीदार असतो. तो कोणत्या बाजूला वाहतो आहे ते पाहून वारा ओळखता येतो, पण त्यासाठी चित्र पुरेसं स्थिर हवं.

उजेडाचंही गणित आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ५६ मिलिमीटरच्या भिंगाचा स्कोप २५ पॉवरवर २.२ मिलिमीटरचा झोत देतो, ५२ मिलिमीटरचा ५५ पॉवरवर १ मिलिमीटरहूनही कमी. भर उन्हात बाहुलीच बारीक झालेली असते, त्यामुळे पहिला आकडा पुरतो. दुसऱ्यात चित्र काळवंडतं आणि डोकं सूतभर हललं तरी दृश्य निसटतं.

आणखी एक कारण मला जास्त मोलाचं वाटतं. कुरणात बहुधा एकटं बसावं लागतं, गोळी कुठे पडली हे सांगणारा सोबती नसतो. .२०४ रूगर किंवा .२२-२५० सारख्या कमी धक्क्याच्या काडतुसाने, जड नळीच्या रायफलीवर, १२-१६ पॉवरवर स्वतःच्या गोळीची माती उडताना स्कोपमधूनच दिसते. त्या मातीवरून पुढची गोळी सुधारता येते. पॉवर ३० वर ठेवली की धक्क्यासरशी सगळं चित्र चौकटीबाहेर जातं आणि ही माहिती वाया जाते. म्हणून कुरणासाठी वरच्या आकड्याइतकाच खालचा आकडा पाहा. १५ पासून सुरू होणारा स्कोप तिथे मला नको.

मिल की एमओए

यावर वाद खूप होतात, फरक लहान आहे. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर किंवा १०० यार्डांवर १.०४७ इंच. रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापाचे असले म्हणजे झालं. मिलचं रेटिकल आणि एमओएचा टरेट असलेला स्कोप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. क्लिकच्या बाबतीत मात्र थोडा विचार करा. १/८ एमओएचा क्लिक कागदावर गोळ्यांच्या गटाचा मध्य अचूक बसवायला छान. पण १०० यार्डांवर झिरो केलेल्या (म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलेल्या) .३०८ काडतुसाच्या १७५ ग्रेन वजनाच्या गोळीला १००० यार्डांवर साधारण ३८ एमओए उंची लागते, म्हणजे त्या टरेटवर ३०० हून जास्त क्लिक. ०.१ मिलच्या टरेटवर हेच काम ११० च्या आसपास क्लिकमध्ये होतं. कुरणात दर गोळीला अंतर बदलत असताना मोठा क्लिक बरा.

टरेट खरं बोलतो का

इथे पैसे खर्च करा. भिंगाची चमक दुकानाच्या उंबऱ्यावर दिसते, टरेटची लबाडी दिसत नाही. टरेट ५ टक्के कमी सरकत असेल, तर १० मिल फिरवल्यावर अर्ध्या मिलची चूक होते. १००० मीटरवर तो अर्धा मीटर झाला.

तपासणी सोपी आहे. बरोबर १०० मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेष आखा, तळाच्या खुणेवर ३ गोळ्या मारा. मग टरेट १० मिल वर फिरवून त्याच खुणेवर नेम धरून पुन्हा ३ गोळ्या मारा. दोन गटांच्या मध्यांतलं अंतर १ मीटर भरलं पाहिजे. वरचा गट रेषेच्या बाजूला सरकला, तर एकतर स्कोप त्याला रायफलीवर धरणाऱ्या रिंगमध्ये तिरपा बसला आहे किंवा रायफल कललेली आहे. ३ अंशांचा कल लहान वाटतो, पण १० मिलच्या उंचीवर तो गोळीला अर्धा मिल बाजूला नेतो. म्हणून एक छोटी पाणपातळी स्कोपवर कायमची बसवावी, दोन्ही कामांसाठी.

नळीच्या जाडीबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. ३० ऐवजी ३४ मिलिमीटरची नळी जास्त उजेड देत नाही. रेटिकल वर-खाली सरकायला आत जास्त जागा मिळते, एवढाच तिचा खरा फायदा. एकूण ६० एमओएची हालचाल असलेल्या स्कोपमध्ये मध्यापासून वर ३० च मिळतात आणि .३०८ ला १००० यार्डांवर ते अपुरे पडतात. २० एमओए उताराची पट्टी खाली लावली की ५० मिळतात. ३०० यार्डांच्या आतच शिकार करणाऱ्याला यातलं काही लागत नाही.

पॅरलॅक्स आणि वजन

पॅरलॅक्स म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसणं. तो १०० मीटरला कायमचा बांधलेला आणि भिंग ५० मिलिमीटरचं असेल, तर ३०० मीटरवर डोळा कडेला गेल्याने नेम ५ सेंटिमीटरपर्यंत चुकू शकतो. प्रेअरी डॉगच्या बाबतीत तेवढ्यात नेम अंगाबाहेर जातो. पॅरलॅक्स जुळवायचं चाक बाजूला असलेला स्कोपच घ्या, आणि चाकावरच्या आकड्यांवर भिस्त न ठेवता डोकं किंचित हलवून रेटिकल लक्ष्यावर स्थिर राहतं का ते पाहा.

वजनाचा विचार एफ-क्लासवाल्यालाही करावा लागतो. एफ-क्लासच्या एफ-टीआर प्रकारात दुपायी आणि स्कोपसकट रायफल ८.२५ किलोच्या आत, एफ-ओपन प्रकारात १० किलोच्या आत हवी.

चार नावं शेजारी ठेवून

नाइटफोर्स कॉम्पिटिशन १५-५५×५२ (१५ ते ५५ पॉवर, ५२ मिलिमीटरचं भिंग) आणि व्होर्टेक्स गोल्डन ईगल १५-६०×५२ हे दोन्ही सेकंड फोकल प्लेनचे, १/८ एमओए क्लिकचे, कागदासाठीच घडवलेले. दोन्ही साधारण ८०० ग्रॅमच्या आसपास भरतात. व्होर्टेक्स रेझर एचडी जेन २ (४.५-२७×५६) आणि ल्यूपोल्ड मार्क ५एचडी (५-२५×५६) हे फर्स्ट फोकल प्लेनचे. रेझर जवळजवळ १.४ किलोचा, मार्क ५एचडी सुमारे ८५० ग्रॅमचा. रायफल खांद्यावर टाकून दिवसभर चालायचं असेल, तर हा अर्धा किलो संध्याकाळी जाणवतो. गाडीपासून पन्नास पावलांवर टेकायचं असेल, तर रेझरचा भार रायफल स्थिर ठेवायला मदतच करतो.

तुमच्या चारपैकी तीन गोळ्या ठरलेल्या अंतरावरच्या कागदावर जात असतील, तर पहिल्या जोडीतला घ्या आणि कुरणासाठी दुसऱ्या रायफलीवर साधा ४-१६ ठेवा. एकच रायफल आणि एकच स्कोप असेल, तर मी फर्स्ट फोकल प्लेनचा ५-२५ घेईन. कागदावर वरची पॉवर थोडी कमी पडेल, पण कुरणात कोणत्याही पॉवरवर खूण खरी राहील.

पैसे मोजण्याआधी शक्य असेल तर सोबत्याचा तसा स्कोप मागून घ्या आणि सकाळच्या थंड हवेत नव्हे, दुपारी दोन वाजता ३०० मीटरवरच्या लक्ष्याकडे त्यातून पाहा. पॉवर हळूहळू वाढवत जा. ज्या आकड्यावर चित्र डुचमळायला लागेल तो लिहून ठेवा, आणि मग किंमतपत्रक उघडा.