कुलूप बदलायचं, नोटीस द्यायची की समजुतीनं मोकळं व्हायचं?

नकोसा झालेला रूममेट किंवा भाडेकरू घराबाहेर काढायचा असेल, तर हा प्रश्न पडतोच. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात दोघं-तिघं मिळून भाड्यानं फ्लॅट घेतात. एकजण भाडं थकवतो, रात्री बारानंतर मित्र गोळा करतो. बाकीचे वैतागतात आणि तो गावी गेला की कुलूप बदलतात. आमच्या गल्लीत हे डोळ्यांसमोर झालं. दारात गुंडाळलेली गादी, बादलीत कोंबलेली पुस्तकं. संध्याकाळी तो पोलिसांना घेऊन आला. तक्रार खरं तर या दोघांची होती, पण ‘बॅगेतले पैसे कुठे गेले?’ याची उत्तरं तेच देत बसले.

कुलूप बदलण्याचा रस्ता एका दिवसाचा वाटतो, पण त्याची किंमत मोठी. घराचा ताबा स्वतःकडे होता हे समोरच्यानं दाखवलं, तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत घरात येऊ शकतो. तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच नसतो. वाट अडवल्याचा, सामान चोरल्याचा आरोप वेगळाच. घरमालकानं पाणी किंवा वीज तोडणं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 नुसार चालत नाही. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात कोणाचा नळ बंद करणं मला माणुसकीलाही धरून वाटत नाही.

कायद्याच्या रस्त्यावर आधी करार काढून बघा. दोघांचीही नावं असतील, तर तुम्ही त्याला काढू शकत नाही. मालकाला लेखी कळवा. तुम्ही मालक असाल आणि लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल, तर याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 कामाला येतं: सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची दुप्पट भरपाई मागता येते. वेळ जातो, हे खरं. करार नोंदवलेलाच नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल शिक्षा मालकालाच.

मारहाण, धमकी असेल तर यातलं काही तोलत बसू नका, 112 लावा.

नाहीतर माझं मत स्पष्ट आहे: आधी समजुतीचा प्रयत्न करा. थकलेल्या भाड्यातलं थोडं सोडा, डिपॉझिटमधला त्याचा वाटा किल्ली हातात आल्यावरच द्या. खोली सोडण्याची तारीख आणि सामानाची यादी कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, रिकाम्या खोलीचे फोटो काढून ठेवा.